विश्लेषण : जुन्या मोटारीच्या इंजिनाचा ‘अस्सल’ रंग कोणता? तो शोधायचा कसा?

हॉर्निमन सर्कलला जुन्या मोटारींची रॅली जमते, तेव्हा बोनेट उघडलेल्या गाडीभोवती हमखास घोळका होतो. बाहेरून गाडी कितीही देखणी असली तरी जाणकाराची नजर इंजिनाकडे जाते. तिथे बऱ्याचदा निराशा पदरी पडते. ब्लॉक चंदेरी, टॅपेट कव्हर चंदेरी, नटबोल्ट चंदेरी, कधी कधी तर रबरी पाइपही चंदेरी! रॅलीच्या आदल्या रात्री ‘एक सिल्व्हरचा हात मारून दे’ असे सांगून उरकलेले ते काम असते. गाडीच्या बॉडीचा मूळ रंग शोधण्यासाठी महिने घालवणारी मंडळी इंजिनाच्या बाबतीत इतकी उदार का होतात? कारखान्यातून बाहेर पडताना त्या इंजिनावर नेमका कोणता रंग होता, तो कसा लावला होता आणि आज तो पुन्हा कसा आणायचा? या प्रश्नांची उत्तरे शोधताना मुंबईचाच जुना औद्योगिक नकाशा उलगडत जातो.

हा विषय आता महत्त्वाचा का?

केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने जुलै २०२१मध्ये ‘व्हिंटेज’ वाहनांसाठी स्वतंत्र नोंदणीचे नियम लागू केले. पहिल्या नोंदणीला ५० वर्षे उलटून गेलेल्या, खासगी वापराच्या दुचाकी आणि चारचाकी त्यात येतात. नव्या नोंदणीचे शुल्क २० हजार रुपये, फेरनोंदणीचे पाच हजार, प्रमाणपत्राची मुदत १० वर्षे. अशा गाडीच्या नंबर प्लेटवर ‘व्हीए’ ही अक्षरे येतात. गाडी रोजच्या वापरासाठी किंवा धंद्यासाठी चालवता येत नाही. प्रदर्शन, रॅली, तांत्रिक संशोधन, इंधन भरणे आणि दुरुस्ती यांपुरतीच ती रस्त्यावर आणता येते.

या नियमांतली कळीची अट अशी, की गाडी मूळ स्वरूपात जपलेली असावी आणि चासी, बॉडी किंवा इंजिन यांत मोठा फेरफार झालेला नसावा. इंजिनाच्या रंगाचा नियमात उल्लेख नाही. चुकीचा रंग मारला म्हणून नोंदणी अडेल असे कुठेही लिहिलेले नाही. मात्र गाडीचे ‘मूळ स्वरूप’ तपासायची वेळ आली की बोनेट उघडले जातेच.

दुसरे कारण अधिक जवळचे आहे. ‘प्रीमियर पद्मिनी’ हे नाव १९७४मध्ये आले. म्हणजे खासगी मालकीच्या अगदी सुरुवातीच्या पद्मिनींनी आता पन्नाशी गाठली आहे. दुसरीकडे काळी-पिवळी पद्मिनी रस्त्यावरून गेली. शेवटच्या टॅक्सीची नोंदणी ताडदेवच्या आरटीओत २९ ऑक्टोबर २००३ रोजी झाली होती. २० वर्षांची वयोमर्यादा संपल्यावर ऑक्टोबर २०२३च्या अखेरीस तिचा निरोप झाला. काल-परवापर्यंत भंगाराच्या भावात जाणारी गाडी आता जपण्याची वस्तू झाली आहे. जपायचे म्हटले की मूळ काय होते, हा प्रश्न आलाच.

इंजिनाला रंग देतातच कशाला?

शोभा हे त्यातले शेवटचे कारण. जुन्या इंजिनाचा ब्लॉक बिडाचा. उघडे बीड दमट हवेत गंजते, आणि समुद्रातून येणारे इंजिनचे खोके तर आठवडेच्या आठवडे खारट हवेत असत. त्यामुळे गंज रोखणे हा पहिला हेतू. गुळगुळीत रंगावर तेलाची गळती चटकन दिसते, हा दुसरा. तिसरा हेतू कारखान्याच्या सोयीचा. एकाच लाइनवर वेगवेगळ्या ताकदीची इंजिने जुळवली जात असतील, तर रंगावरून ती दुरूनही ओळखता येतात.

याचे ठळक उदाहरण म्हणजे जग्वार. कंपनीच्या एक्सके इंजिनाचे हेड अॅल्युमिनियमचे होते. त्यातले शर्यतीच्या गाडीवरून आलेले ‘सी टाइप’ हेड लाल रंगवले जाई. पुढे आलेले ‘बी टाइप’ फिकट निळे, तर ‘ई टाइप’ गाडीच्या हेडवर सोनेरी रंग आला. म्हणजे तिथे रंग हा ओळखपत्रासारखा आहे. बी टाइप हेडवर लाल रंग चढवला, तर जाणकाराच्या लेखी ती सरळ खोटी ओळख ठरते. फेरारीने तर १९५७च्या शर्यतीच्या गाडीचे नावच इंजिनावरून ठेवले. ‘टेस्टा रोसा’ म्हणजे इटालियन भाषेत ‘लाल डोके’. तिच्या इंजिनाच्या वरची झाकणे लाल होती, एवढेच त्याचे कारण.

काळा रंग दिला की इंजिन थंड राहते, अशी एक समजूत गॅरेजांत ऐकू येते. ती अर्धीच खरी आहे. चकचकीत उघड्या धातूपेक्षा रंगवलेला पृष्ठभाग उष्णता जास्त बाहेर टाकतो, हे बरोबर. पण त्या बाबतीत काळा, हिरवा, लाल, निळा हे सगळे जवळपास सारखेच. मागे पडतो तो अॅल्युमिनियमची भुकटी असलेला चंदेरी. अर्थात पाण्याने थंड होणाऱ्या इंजिनात उष्णता बाहेर नेण्याचे खरे काम रेडिएटर करतो, त्यामुळे या फरकाने गाडी तापणार नाही.

मुंबईत जुळवलेल्या गाड्यांचा घोळ काय?

इंटरनेटवर कोणत्याही अमेरिकन किंवा ब्रिटिश गाडीच्या इंजिनाचा रंग दोन मिनिटांत सापडतो. शेवरोलेची युद्धापूर्वीची सहा सिलिंडरची इंजिने करडी, १९५५पासूनची व्ही-८ इंजिने नारिंगी, १९७७पासून जनरल मोटर्सचा सामाईक निळा. प्लिमथच्या सहा सिलिंडरला चंदेरी. त्यामुळे मुंबईत काही गाड्यांवर चंदेरी रंग अगदी योग्यही ठरतो, हे विसरता कामा नये. अडचण अशी, की या याद्या त्या त्या देशातल्या कारखान्यांच्या आहेत आणि मुंबईतल्या अनेक जुन्या गाड्या तिथून थेट आलेल्याच नाहीत.

जनरल मोटर्सने १९२८मध्ये शिवडीत मोटार जुळवणीचा कारखाना सुरू केला. परळच्या गिरण्यांपासून हाकेच्या अंतरावर शेवरोले गाड्या आणि पुढे बेडफर्ड ट्रक उभे राहू लागले. सुटे भाग खोक्यांतून बंदरात उतरत आणि इथे जोडले जात. वालचंद हिराचंद यांची प्रीमियर ऑटोमोबाइल्स १९४४मध्ये स्थापन झाली. कुर्ल्याच्या तिच्या कारखान्यात आधी क्रायस्लर समूहाच्या डॉज, प्लिमथ आणि नंतर फियाट तयार झाल्या. महिंद्रने माझगावात विलिस जीपची जुळवणी केली. परदेशी भाग नुसते जोडणाऱ्या कंपन्यांना सरकारी धोरणाने दार बंद केले आणि १९५४मध्ये जनरल मोटर्सने शिवडीतला गाशा गुंडाळला.

या इतिहासाचा रंगाशी संबंध असा, की उजव्या बाजूला स्टिअरिंग असलेल्या अनेक ‘अमेरिकन’ गाड्या प्रत्यक्षात कॅनडातून येत. कॅनडातल्या पॉन्टियाकमध्ये शेवरोलेचे इंजिन असण्याची उदाहरणे आहेत. तेव्हा अमेरिकन पुस्तकातला पॉन्टियाकचा रंग शिवडीच्या गाडीला लावणे धोक्याचे. शिवाय प्रवासात खरचटलेल्या भागांवर इथे जुळवताना पुन्हा हात फिरवला जाण्याची शक्यता असतेच. पद्मिनीची गोष्ट आणखी वेगळी. तिची कुळी इटलीची असली, तरी कुर्ल्यातल्या उत्पादनात वर्षानुवर्षे देशी भाग वाढत गेले. इटालियन फियाट ११००चे पुस्तक उघडून १९८५च्या पद्मिनीचे इंजिन रंगवले, तर ते सुंदर दिसेल, पण पद्मिनीचे असेलच असे नाही.

थोडक्यात, इथे पुस्तकापेक्षा गाडीची साक्ष मोठी. ही साक्ष एकदा घासून काढली की परत मिळत नाही. म्हणूनच फिटरच्या हाती वायर ब्रश देण्याआधी दोन दिवस थांबणे शहाणपणाचे.

मग मूळ रंग शोधायचा कुठे?

जिथे ऊन, तेल, उष्णता आणि नंतरच्या पेंटरचा ब्रश पोहोचला नाही, तिथे. इंजिन माउंटिंगच्या पट्टीखाली, सेल्फ बसतो त्या जागेच्या कडेला, डायनॅमोच्या ब्रॅकेटमागे, डिस्ट्रिब्यूटरच्या क्लॅम्पखाली, ब्लॉकवर खिळ्यांनी ठोकलेल्या पत्र्याच्या पट्टीमागे. पाण्याचा पंप किती वेळा बदलला यावर त्याच्यामागची साक्ष अवलंबून असते. टॅक्सीच्या इंजिनात मात्र फार आशा धरू नये. तीनदा बोअरिंग झालेला ब्लॉक दर वेळी कॉस्टिकच्या हौदातून बाहेर आलेला असतो.

सापडलेला ठिपका लगेच खरवडू नये. आधी दिवसाच्या उजेडात फोटो काढावा, शेजारी फूटपट्टी किंवा नाणे ठेवावे. मग रॉकेलच्या बोळ्याने तेल पुसून अतिशय बारीक पॉलिश पेपरने, ओल्या हाताने, उतरणीसारखे घासावे. झाडाच्या खोडातल्या वलयांसारखे थर दिसू लागतात. सगळ्यात वर रॅलीचा चंदेरी, त्याखाली कुणाचा तरी हिरवा, त्याखाली प्रायमर, असा क्रम लागतो. धातूला चिकटलेला सगळ्यात खालचा रंगीत थर हा बहुधा मूळ.

‘बहुधा’ म्हणण्याला कारण आहे. अनेक वर्षे तापून फिकट रंग पिवळट होतात आणि निळ्यावर तेलाचा अंमल चढला की तो हिरवट भासतो. त्यामुळे एकाच ठिकाणचा नमुना पुरत नाही. तीन-चार जागांचे ठिपके जुळले, तरच त्यावर विसंबावे. रंगाच्या दुकानातील यंत्र असा नमुना वाचून मिश्रण सांगते. पण नमुना सपाट आणि स्वच्छ नसेल तर यंत्रही फसते. ट्यूबलाइटखाली जुळलेले दोन रंग उन्हात वेगळे दिसू शकतात, म्हणून शेवटचा निकाल दुकानाबाहेर फुटपाथवरच लावावा. ब्रिटिश गाड्यांच्या बाबतीत ब्रिटिश मानक ३८१सी या रंगपत्रिकेचा आधार मिळतो. लँड रोव्हरचा गडद हिरवा म्हणजे त्यातला क्रमांक २२४, हे ठरलेले आहे.

रंगाच्या धंद्यात गिरगाव आणि परळ कुठे?

अगदी मुळाशी. आजची कन्साई नेरोलॅक ही कंपनी १९२०मध्ये ‘गॅहागन पेंट्स अँड व्हार्निश’ या नावाने लोअर परळमध्ये सुरू झाली. एशियन पेंट्सचा जन्म फेब्रुवारी १९४२चा, गिरगावातल्या गायवाडीतील एका गॅरेजमधला. चंपकलाल चोक्सी, चिमणलाल चोक्सी, सूर्यकांत दाणी आणि अरविंद वकील या चौघांनी ती उभी केली. महायुद्धामुळे परदेशी रंगांची आयात अडली होती आणि बाजारात देशी डब्याला जागा तयार झाली होती. आर. के. लक्ष्मण यांचा ब्रश हातात घेतलेला ‘गट्टू’ १९५४मध्ये डब्यावर आला.

म्हणजे शिवडीत मोटारी जुळत होत्या, तेव्हा दीड-दोन मैलांवर रंग उकळला जात होता. त्या काळातल्या मुंबईच्या गाडीवर दुसरा हात मारला गेला असेल, तर तो इथल्याच डब्यातला असण्याची दाट शक्यता. इंजिनाच्या मूळ रंगाइतकाच हा दुसरा थरही गाडीच्या चरित्राचा भाग मानावा की नाही, यावर जाणकारांत मतभेद आहेत. पण निदान फोटो काढून ठेवण्यात कोणाचे काही जात नाही.

गॅरेजमधला ‘ड्युको’ हा शब्दही त्याच काळाची खूण. ड्यूपॉन्ट आणि जनरल मोटर्स यांनी १९२३च्या सुमारास आणलेल्या नायट्रोसेल्युलोज लॅकरचे ते नाव. त्याआधी वार्निशचे थर वाळायला आठवडे लागत, ते काम या लॅकरने काही तासांवर आणले. आपल्याकडे मग स्प्रेने मारलेल्या कुठल्याही चकचकीत रंगाला ‘ड्युको’ म्हणायची पद्धत पडली, अगदी लाकडी कपाटालाही.

एका इंजिनावर किती प्रकारची फिनिश असतात?

चंदेरी हात मारणाऱ्याचा सगळ्यात मोठा गुन्हा इथे आहे. जुन्या इंजिनावर रंग एक नसतो आणि पोतही एक नसतो. ब्लॉकवर हवेत वाळणारे इनॅमल, अर्धवट चमकीचे. टॅपेट कव्हर आणि तेलाचे चेंबर पत्र्याचे असेल, तर त्यावर बरेचदा भट्टीत भाजलेले काळे इनॅमल. साधारण १२० ते १५० अंशांवर भाजलेल्या या थराची काळी चमक खोल असते. ती ब्रशने किंवा कॅनच्या स्प्रेने येत नाही.

एअर क्लीनरवर, काही गाड्यांत झाकणांवरही, सुरकुतलेला रंग दिसतो. हा दोष नाही, मुद्दाम साधलेला परिणाम आहे. टुंग तेलाचा थर वरून पटकन सुकतो आणि आतून ओला राहतो. वरची साय ताणली जाऊन तिला चुण्या पडतात. दुधावरची साय आक्रसते तसेच. ओतीव भागावरचे खड्डे-ओरखडे त्यात लपतात, म्हणून कारखान्यांना तो प्रिय होता. सुरकुत्या एकसारख्या यायच्या तर थर जाड आणि उष्णता समान लागते. एका कोपऱ्यावर दिवा धरला की तिथली नक्षी बारीक आणि बाकीची भोंगळ होते. याचाच दूरचा भाऊ म्हणजे हॅमरटोन. त्यात अॅल्युमिनियमची भुकटी आणि सिलिकॉनमुळे ठोकलेल्या तांब्याच्या भांड्यासारखे ठसे उमटतात. मुंबईतल्या जुन्या लेथ आणि ड्रिल मशीनवर तो आजही दिसतो. म्हणूनच मिस्त्रींचा हात त्याकडे सहज वळतो. पण लेथवर शोभतो म्हणून तो मोटारीच्या इंजिनावर चालतो असे नाही.

एक्झॉस्ट मॅनिफोल्डची तऱ्हा निराळी. तिथे तापमान ४०० ते ६०० अंशांवर जाते. साधे इनॅमल पहिल्याच फेरीत करपते, धूर आणि वास सुटतो. पुष्कळ गाड्यांत हा भाग कारखान्यातून उघड्या बिडाचाच येई. जग्वारसारख्या गाड्यांत त्यावर काचेसारखे इनॅमल भाजलेले असे. गल्लीच्या नावाची जुनी निळी पाटी किंवा आजीच्या घरचा पांढरा टमरेल ज्या तंत्राने बनतो, तेच हे तंत्र. सिलिकॉनवर आधारलेला उष्णतारोधक रंग आज सहज मिळतो आणि तो सुमारे ६०० अंश सोसतो. पण तो आधी सावकाश तापवून पक्का करावा लागतो. इंजिन थोडे चालवायचे, थंड होऊ द्यायचे, पुन्हा जास्त वेळ चालवायचे. ही पायरी गाळली की महिन्याभरात पापुद्रे निघतात आणि दोष डब्याला दिला जातो.

उरले छोटे भाग. कार्ब्युरेटर बहुतेक जस्ताच्या मिश्रधातूचा असतो आणि त्यावर डायक्रोमेटची फिकट सोनेरी झाक असते. त्याला रंग लावायचाच नसतो. नटबोल्ट काही काळपट फॉस्फेट केलेले, काही जस्ताचा मुलामा दिलेले. नागदेवीच्या बाजारातून चकचकीत स्टेनलेस स्टीलचे बोल्ट आणून बसवले, की पन्नास वर्षांपूर्वीचे इंजिन क्षणात कालचे वाटू लागते. बोल्टच्या डोक्यावरची जुनी अक्षरे हीसुद्धा साक्षच. म्हणून शक्य तिथे मूळ बोल्ट साफ करून त्यांनाच पुन्हा मुलामा द्यावा. ऑपेरा हाउस परिसरातली स्पेअर पार्टची दुकाने आणि चोरबाजार यांचा खरा उपयोग इथे होतो. नवा-जुना माल विकत घेण्यासाठी तर होतोच, पण डब्यात पडून राहिलेला, कधीच न बसवलेला जुना भाग दिसला तर त्याचा पोत आणि रंग डोळ्यांनी पाहून घेण्यासाठी अधिक.

जुना रंग काढताना काय बिघडते?

पैसा, धातू आणि तब्येत, तिन्ही. फियाट ११०० आणि पद्मिनीचा ब्लॉक बिडाचा, पण हेड अॅल्युमिनियमचे. ब्लॉकसाठी वापरलेल्या कॉस्टिक सोड्याच्या हौदात हेड टाकले, तर अॅल्युमिनियम अक्षरशः विरघळते आणि ज्वालाग्राही हायड्रोजन वायू सुटतो. सँडब्लास्टिंग वेगवान असते. पण वाळूचा कण तेलाच्या बारीक वाटेत अडकून राहिला, तर नवे बेअरिंग काही शे किलोमीटरमध्ये जाते. शिवाय ओतकामाचा मूळ खरखरीतपणा कायमचा पुसला जातो. काचेच्या मण्यांचा मंद मारा किंवा पाण्यासह केलेले ब्लास्टिंग हे त्यापेक्षा सौम्य.

पावडर कोटिंगचा मोह अनेकांना होतो, कारण ते मजबूत आणि एकसारखे असते. पण तो थर जाड दिसतो, प्लास्टिकसारखा. जुन्या काळात तो नव्हताच. त्याची भट्टी १८० ते २०० अंशांची, आणि साधे शिशा-कथलाचे झाळण १८३ अंशांपासून वितळू लागते. झाळलेला भाग त्या भट्टीत गेला की सांधे सुटतात.

तब्येतीचा प्रश्न सहसा कोणी काढत नाही. जुन्या लाल प्रायमरमध्ये रेड लेड असे. हे शिशाचे ऑक्साइड म्हणजेच पारंपरिक शेंदूर, मारुतीच्या मूर्तीवर चढतो तो. घरगुती आणि सजावटीच्या रंगांत शिशाचे प्रमाण ९० पीपीएमपर्यंत मर्यादित करणारा नियम भारतात नोव्हेंबर २०१७पासून लागू झाला. जुन्या गाडीवरचा थर त्याच्या कितीतरी आधीचा. तो कोरडा घासला की शिशाची धूळ उडते. गॅरेजमध्ये काम करणाऱ्या पोराच्या नाकातोंडात ती जाते आणि कपड्यांबरोबर घरी पोहोचते. ओले घासणे आणि चांगला मास्क हा किमान उपाय आहे. मॅनिफोल्डच्या जुन्या गॅस्केटमध्ये अॅस्बेस्टॉस असू शकते, तेही ओले करूनच काढावे. आणि नवा म्हणून वापरला जाणारा दोन डब्यांचा पीयू रंग निर्धोक नाही. त्याच्या हार्डनरमधील आयसोसायनेटमुळे दमा जडू शकतो. तोंडाला रुमाल बांधून तो मारणे म्हणजे काहीच न बांधण्यासारखे.

मुंबईच्या पावसात हे काम का अडते?

नायट्रोसेल्युलोज लॅकरमधले थिनर झपाट्याने उडते आणि उडताना पृष्ठभाग थंड करते. हवा दमट असेल तर तिथे बाष्प साचते आणि काळा रंग दुधाळ पडतो. सावकाश उडणारे थिनर मिसळून हे काही अंशी टाळता येते, पण जुलैतल्या मुसळधार दिवसावर तो उतारा चालत नाही. परळ-लालबागच्या गणेशमूर्तींच्या कारखान्यांत त्याच दिवसांत स्प्रेगन रात्रंदिवस चालू असतात, हे खरे. पण तिथला रंग वेगळा आणि मूर्तीला पेट्रोल, तेल, शंभर अंशांची धग सोसायची नसते. उघड्या केलेल्या बिडाला तर पावसाळ्यात काही तासांत तांबूस झाक येते. त्यामुळे साफ करणे आणि प्रायमर लावणे एकाच दिवशी झालेले बरे. बरीच गॅरेज या दिवसांत सुटे भाग उतरवणे, मोजमाप आणि बोअरिंग उरकतात आणि रंगाचे काम दिवाळीनंतर काढतात.

इंधनाचाही नवा त्रास आहे. २० टक्के इथेनॉलचे ई-२० पेट्रोल कार्ब्युरेटरमधून ओघळले तर जुन्या लॅकरला मऊ करते. लाखेचा लेप दिलेले कॉर्कचे फ्लोट असतील तर तो लेप अल्कोहोलमध्ये सुटतो, हे त्याहून गंभीर. त्यामुळे कार्ब्युरेटरखालच्या भागावर मूळ रंगाचीच छटा, पण इथेनॉल सोसणाऱ्या आधुनिक रसायनात, अशी तडजोड अनेकांना मान्य असते. ज्याला गाडी चालवायची आहे त्याच्यासाठी ती योग्यही आहे.

कारखान्यापेक्षा चांगले काम केले, तर गुण कापतात?

हो, काही स्पर्धांत कापतात. अमेरिकेतल्या कॉर्व्हेटच्या परीक्षणात गाडी कारखान्यातून जशी बाहेर पडत असे तशी अपेक्षित असते. शेवरोलेची नारिंगी इंजिने मॅनिफोल्ड बसवूनच स्प्रे केली जात. त्यामुळे मॅनिफोल्डच्या कडेवर नारिंगी फवारा उडालेला असे आणि गाडी थोडी चालली की तो जळून जाई. आज काही जण तो उडालेला फवारासुद्धा मुद्दाम काढतात. हे जरा अतीच वाटेल, पण त्यामागचा तर्क चुकीचा नाही. आरशासारखे घासलेले टॅपेट कव्हर कारखान्याने कधीच दिले नव्हते. जुन्या वाहनांच्या जागतिक महासंघाची, म्हणजे फिवाची, ‘ट्युरिन सनद’ही हेच सांगते. आधी जपणूक, मग गरजेपुरती दुरुस्ती, आणि जे काही बदलले त्याची नोंद.

त्या न्यायाने ज्या इंजिनावर मूळ रंगाचा निम्म्याहून जास्त भाग शिल्लक आहे, ते नव्याने रंगवूच नये. तेल पुसावे, गंज थांबवावा, उघड्या जागी जुळणारा हात लावावा. दादरच्या पारशी कॉलनीपासून गिरगावच्या वाड्यांपर्यंत, एकाच कुटुंबात राहिलेली आणि फारशी न उघडलेली गाडी असेल, तर ती या बाबतीत कोणत्याही पुस्तकापेक्षा मोलाची. तिच्या बोनेटखालचे फोटो इतर मालकांनी मागून घ्यावेत.

रंगवताना इंजिन क्रमांकाचे काय?

सगळ्यात महागात पडणारी चूक हीच. ब्लॉकवर ठोकलेला क्रमांक घासताना पुसट झाला, किंवा प्रायमर, लांबी आणि तीन हातांच्या रंगाखाली बुजला, तर आरटीओच्या तपासणीत उत्तरे देत बसावे लागते. क्रमांक खोडल्याचा संशय आला की प्रकरण रंगापुरते राहत नाही. म्हणून काम सुरू होण्यापूर्वी त्या चौकोनाचा स्पष्ट फोटो घ्यावा, आरसी बुकशी ताडून पाहावा आणि शिशपेन्सिलीने कागदावर त्याचा ठसा उतरवून कागदपत्रांत ठेवावा. ब्लास्टिंगच्या आधी त्या जागेवर जाड रबरी पट्टी चिकटवावी. नंतर तिथे एकच पातळ हात पुरतो. अनेक कारखाने क्रमांक ठोकायच्या जागी ब्लॉक छिलून सपाट करत आणि ती जागा मुळातच उघडी राहत असे. तुमच्या गाडीत ती तशी होती का, हे पट्टी चिकटवण्यापूर्वी भिंग लावून पाहून घ्यावे.